थर्मोस्टॅटवरचा आकडा

१९६१ साली ब्रिटनमध्ये घरबांधणीविषयी एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. तो सर पार्कर मॉरिस यांच्या समितीने तयार केला होता. खोल्या केवढ्या असाव्यात, सामानसुमानाला जागा किती हवी, याच्या जोडीने हिवाळ्यात घर किती उबदार हवं याचाही त्यात विचार होता. बाहेर उणे १ अंश सेल्सिअस असताना बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत आणि स्वयंपाकघर, जिना, बोळ हे भाग १३ अंशांपर्यंत तापवता आले पाहिजेत, असं समितीने सांगितलं. झोपण्याच्या खोल्या या किमान अटीत नव्हत्याच. १३ अंश म्हणजे पुण्यात डिसेंबरच्या पहाटे घराबाहेर असतो साधारण तेवढा गारठा. एवढ्या गारठ्यात घरच्या बाईने स्वयंपाक करावा यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. उलट हा अहवाल पुढचं पाऊल मानला गेला आणि १९६९ पासून इंग्लंड-वेल्समधल्या सरकारी घरांना त्याचे निकष बंधनकारक झाले.

पुढचं पाऊल तो होताच. त्याआधीचं सामान्य इंग्रजी घर म्हणजे एका खोलीत पेटलेली कोळशाची शेगडी आणि बाकी घर थंडगार. शेगडीसमोर बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ काकडायची. सकाळी उठल्यावर निजायच्या खोलीतल्या काचांवर आतल्या बाजूने हिमाची नक्षी असायची. डिसेंबर १९५२ मध्ये याच कोळशाच्या धुराने लंडनचा श्वास कोंडला, हजारो माणसं दगावली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ पासून दहा वर्षं कामगार घरोघर जाऊन एकेक चूल, एकेक हीटर नव्या गॅससाठी बदलत होते. त्याच सुमारास बॉयलर आणि रेडिएटर घराघरांत शिरले. १९७० साली जेमतेम एक तृतीयांश घरांत मध्यवर्ती तापनव्यवस्था होती, आता ती नसलेलं घर शोधावं लागतं. सरकारी अंदाजानुसार १९७० च्या हिवाळ्यात ब्रिटिश घरांचं सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास होतं. चाळीस वर्षांनी ते १७ अंशांच्या पुढे गेलं.

चाळीस वर्षांत माणसाचं शरीर काही बदललं नाही. तरी एकाच देशातल्या लोकांची ‘बरं वाटण्याची’ पातळी पाच अंशांनी वर सरकली. मग हिवाळ्यात घर नेमकं किती अंशांवर ठेवावं, या साध्या प्रश्नाला एकच एक उत्तर असेल, असं मानणं कठीण आहे. पण म्हणून प्रश्न निरर्थक ठरत नाही. त्यावर माणसांनी शंभर वर्षं फार मनापासून काम केलं आहे आणि त्यातून हाती आलेलं ज्ञान रोजच्या वापराचं आहे.

या विषयातलं मोठं नाव म्हणजे डेन्मार्कचे अभियंते पी. ओले फँगर. १९६० च्या दशकात डेन्मार्कमध्ये आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात बंदिस्त खोल्यांमध्ये लोकांना तासन्‌तास बसवून प्रयोग झाले. सगळ्यांना एकसारखे हलके कपडे, हवा जवळपास स्थिर, आर्द्रता ठरलेली. थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, गार वाटतंय, उकडतंय, की ठीक आहे? तरुण डॅनिश, वयस्क डॅनिश, अमेरिकन विद्यार्थी अशा सगळ्यांचं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं जवळ आलं, २५.६ ते २५.७ अंश. १९७० साली फँगर यांनी पुस्तक लिहून या सगळ्याचं समीकरण मांडलं. त्यात सहा गोष्टी आहेत: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. थर्मोस्टॅट यातली फक्त पहिली गोष्ट मोजतो. घरातले बहुतेक वाद उरलेल्या पाच गोष्टींमुळे होतात.

फँगर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. सगळ्या गोष्टी अगदी जुळवून आणल्या तरी शंभरातल्या पाच जणांना ते तापमान पटत नाही. चौघांच्या घरात एकाला नेहमी गार वाटत असेल तर तो नखरे करत नाही.

सहा गोष्टींपैकी सर्वांत दुर्लक्षित म्हणजे भिंती आणि काचा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. तिचा मोठा हिस्सा हवेला न तापवता, किरणांच्या रूपाने थेट समोरच्या थंड पृष्ठभागाकडे जातो. कडाक्याच्या थंडीत खिडकीजवळ बसल्यावर काचेतून गारवा ‘येतोय’ असं वाटतं. प्रत्यक्षात गालावरची ऊब काचेकडे जात असते. हिशेब करून पाहता येतो. बाहेर शून्य अंश आणि खोलीत २० अंश असतील, तर जुन्या एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग सुमारे ५ अंशांवर असतो. साध्या दुहेरी काचेचा १३ अंशांच्या आसपास, तर आजच्या चांगल्या दुहेरी काचेचा १७ अंशांच्या. खोलीतली हवा तिन्ही वेळा तेवढीच, पण खिडकीशेजारी खुर्ची टाकून वाचत बसणाऱ्याला या तीन खोल्यांत तीन वेगळे हिवाळे भेटतात.

साध्या घरगुती परिस्थितीत शरीराला जाणवणारं तापमान हे हवेचं आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं साधारण सरासरी असतं. हवा २१ अंशांवर आणि भिंती १५ वर असतील तर जाणवतात १८. हवा १९ आणि भिंतीही १९ असतील तर जाणवतात पुरते १९. म्हणजे जुन्या, ओलसर भिंतींच्या घरात राहणारा माणूस थर्मोस्टॅट दोन अंश वर ठेवून, जास्त बिल भरूनही शेजारच्या नव्या घरातल्या माणसापेक्षा जास्त काकडतो. लडाखमध्ये लेहजवळच्या फे गावात सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या सेकमोल शाळेने हे तत्त्व उलट बाजूने वापरलं. इमारती दक्षिणाभिमुख, भिंती जाड मातीच्या, पुढे काचेचा किंवा प्लॅस्टिकचा आडोसा. दिवसभर ऊन प्यायलेल्या भिंती रात्री ऊब परत देतात. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली असताना मुलं आत हीटरशिवाय अभ्यास करतात. त्यांच्या खोलीतला हवेचा आकडा युरोपातल्या घरांपेक्षा कमी असेल, पण भोवतालच्या भिंती त्यांच्या अंगची ऊब ओढून घेत नाहीत.

हवेच्या वेगाचंही तसंच. दाराखालच्या फटीतून येणारी बारीकशी झुळूक घोट्यांना लागते आणि अख्खी खोली थंड वाटू लागते. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की बसलेल्या माणसाचं डोकं आणि घोटे यांच्या पातळीतल्या हवेत तीन अंशांपेक्षा जास्त फरक असू नये. गरम हवा वर जाऊन छताशी साठते, पाय गारच राहतात आणि माणूस आकडा वाढवत जातो. अशा वेळी दाराच्या फटीला लावलेली कापडी वळकटी आणि पायातले जाड मोजे अर्ध्या-पाऊण अंशाचं काम हमखास करतात.

कपड्यांचं मोल तर शास्त्रज्ञांनी आकड्यांतच बांधलं आहे. १९४१ साली अमेरिकेत गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक सुचवलं. २१ अंशांच्या खोलीत, जवळपास स्थिर हवेत निवांत बसलेल्या माणसाला बरं वाटेल इतके कपडे म्हणजे एक क्लो. थ्री-पीस सूट साधारण तेवढा भरतो. शर्ट-पँट अर्ध्या क्लोच्या थोडी वर. त्यावर जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवला की सुमारे एक तृतीयांश क्लोची भर पडते आणि बसून असलेल्या माणसाला तेवढ्याने दोन अंश कमी तापमान चालतं. फँगर यांच्या प्रयोगातले लोक हलक्या कपड्यांत होते, म्हणून त्यांना पावणेसव्वीस अंशांच्या आसपास लागले. आपण हिवाळ्यात घरी टी-शर्टवर बसणार की स्वेटर घालणार, हे आधी ठरवावं आणि मग थर्मोस्टॅटला हात लावावा, हा क्रम पैशांच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे.

आता माणसांकडे येऊ. ऑफिसांच्या तापमानाची जुनी गणितं चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचं शरीर किती उष्णता तयार करतं यावर आधारलेली होती. २०१५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या बोरिस किंग्मा आणि वाउटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी हलकं बैठं काम करणाऱ्या तरुण स्त्रियांवर मोजमाप केलं. त्या प्रत्यक्षात तयार करत असलेली उष्णता प्रमाणित आकड्यापेक्षा बरीच कमी निघाली. जुनी गणितं ती ३५ टक्क्यांपर्यंत फुगवून धरत होती. ‘हिलाच कशी इतकी थंडी वाजते’ या घरगुती तक्रारीला त्यामुळे मोजलेलं उत्तर मिळालं. म्हाताऱ्यांची गोष्ट याहून गंभीर. वयानुसार स्नायू घटतात, हालचाल मंदावते, शरीर कमी उष्णता बनवतं. त्याच वेळी गारठा झाल्याची जाणीवही बोथट होत जाते. ‘मला काही थंडी वाजत नाही’ म्हणणाऱ्या आजोबांचे हात बर्फासारखे असू शकतात. त्यांच्या बाबतीत त्यांच्या बोलण्यापेक्षा खोलीतल्या तापमापकावर विश्वास ठेवणं बरं.

तान्ह्या बाळांचं याच्या उलट. बाळाला ऊब हवी म्हणून खोली भट्टीसारखी तापवायची आणि वर कानटोपी, दुपटी चढवायची, ही आपल्याकडची माया थंड देशात धोक्याची ठरू शकते. झोपेत बाळ अति तापणं हे पाळण्यातल्या अकस्मात मृत्यूंच्या कारणांशी जोडलेलं आहे. म्हणून ब्रिटनमध्ये बाळाच्या झोपायच्या खोलीसाठी १६ ते २० अंशांची शिफारस केली जाते आणि झोपताना टोपी काढायला सांगतात.

फँगर यांचं समीकरण जगभर मानक झालं, पण त्याला एक मोठं आव्हान मिळालं आणि त्या आव्हानाचं एक मूळ भारतात आहे. ब्रिटनच्या इमारत संशोधन केंद्रातले चार्ल्स वेब यांनी सिंगापूर, बगदाद आणि आपल्या रुडकीत लोकांच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत त्यांना वाटणाऱ्या गारव्या-उकाड्याच्या नोंदी घेतल्या. पुढे फर्गस निकोल यांनी १९७० च्या दशकात रुडकी आणि बगदादच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिथले लोक पंख्याखाली ३० अंशांच्या वरही आरामात असल्याचं दिसलं. प्रयोगशाळेतलं समीकरण हे सांगू शकत नव्हतं. निकोल आणि मायकेल हम्फ्रीज यांचा निष्कर्ष असा की, माणूस थंडी-उकाडा निमूट सोसत बसणारा नसतो. तो खिडकी उघडतो, शाल ओढतो, चहा टाकतो, जागा बदलतो आणि ज्या हवामानात राहतो त्याला हळूहळू सरावतो. नागपूरहून टोरंटोला गेलेल्या मुलीला पहिल्या हिवाळ्यात २४ अंश लागतात आणि काही हिवाळ्यांनंतर २१ अंश पुरतात, यात तिच्या सहनशक्तीपेक्षा शरीराच्या सरावाचा भाग मोठा असतो. हा सराव व्हायला वाव मिळावा म्हणून तरी पहिल्याच दिवशी आकडा फार वर नेऊन तिथेच रुतून बसू नये.

एका पातळीच्या खाली मात्र सवयीची भाषा थांबवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये समशीतोष्ण आणि थंड देशांसाठी घरातलं सुरक्षित तापमान किमान १८ अंश सांगितलं. वृद्ध, लहान मुलं आणि आजारी माणसं असतील तर त्याहून जास्त. यामागचं कारण रक्तवाहिन्यांत आहे. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो. थंड हवेने श्वासनलिकाही चिडचिड्या होतात. युरोपात दर हिवाळ्यात मृत्यू वाढतात, त्यातले कितीतरी घराच्या चार भिंतींच्या आत, थंड खोल्यांमुळे घडतात. रस्त्यावर हिमात गोठून गेलेल्यांची बातमी होते, अंथरुणात झटका आलेल्याची होत नाही.

जपानने हे मोजून पाहिलं. तिथे दोन हजारांहून जास्त घरांत हिवाळ्यात तापमापक ठेवले गेले. बैठकीच्या खोलीची सरासरी १६.८ अंश निघाली, झोपायच्या खोलीची १२.८. सर्वांत बोलका आकडा प्रांतांचा होता. बर्फाच्छादित होक्काइदोमध्ये बैठकीच्या खोल्या सरासरी १९.८ अंशांवर होत्या आणि दक्षिणेकडच्या, तुलनेने सौम्य हवेच्या कागावा प्रांतात १३.१ वर. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात लोक दुहेरी काचा बसवतात, भिंतींत उष्णतारोधक थर भरतात. सौम्य मुलखात घरं उन्हाळ्यासाठी बांधली जातात आणि हिवाळा कोतात्सूखाली, म्हणजे खाली हीटर आणि वर दुलई असलेल्या बुटक्या मेजाखाली, पाय घालून काढला जातो. गरम पाण्याच्या टबात उतरण्यापूर्वी गारठलेल्या खोलीत कपडे काढताना रक्तदाबाला बसणारा हिसका जपानमध्ये अनेक वृद्धांचे प्राण घेतो. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण घरात मात्र पत्र्याच्या छताखाली बाहेरइतकाच गारठा असतो. सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशातलं घर थंडीपुढे किती उघडं असतं, हे कागावाच्या आकड्यांवरून उत्तर महाराष्ट्रातल्या माणसाला सहज पटेल.

आकडा कमी ठेवण्याची दुसरी किंमत म्हणजे ओल. २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकताच तिच्यातून पाणी सुटतं. बुरशीला तर पाणी सुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. भिंत १५ अंशांच्या आसपास असली की तिच्यालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि तेवढं तिला पुरतं. कपाटामागचा कोपरा, खिडकीची चौकट, न तापवलेल्या खोलीची बाहेरची भिंत, इथे काळे ठिपके आधी दिसतात. भारतीय घरात भात-आमटी उकळत असते, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, हिवाळ्यात कपडे रेडिएटरवर वाळत असतात. या सगळ्याची वाफ कुठेतरी जाणारच. बिल वाचवायला एक खोली पूर्ण बंद करून ठेवावी, तर घरातली सगळी वाफ जाऊन त्याच खोलीच्या भिंतीवर बसते. जर्मन घरांत यावर जुना रिवाज आहे. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांत हवा बदलायची आणि बंद करायच्या. तेवढ्या वेळात ओलसर हवा जाते, पण भिंती आणि सामानाने साठवलेली ऊब राहते. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर नेमकं उलट होतं, भिंतच थंड पडते. २०२० च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात बुरशीने भरलेल्या घरात राहणारं दोन वर्षांचं बाळ श्वसनाच्या विकाराने दगावलं. चौकशीत बुरशी हेच कारण ठरलं आणि २०२३ च्या कायद्याने सामाजिक गृहसंस्थांवर ओल-बुरशी ठरावीक मुदतीत काढण्याची सक्ती आणली. त्या बाळाच्या आईवडिलांनी घरमालकाकडे वारंवार तक्रार केली होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

खर्चाचं गणित सोपं आहे आणि प्रत्येकाने ते एकदा स्वतः करावं. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. हिवाळ्यात बाहेरची सरासरी ५ अंश आणि घर २० अंशांवर असेल, तर फरक १५ अंशांचा. घर १९ वर आणलं की फरक १४ होतो, म्हणजे खर्च सुमारे पंधराव्या भागाने, साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी. फ्रान्स-जर्मनीत एका अंशामागे सहा-सात टक्के बचत सांगतात ती यावरूनच. हाच हिशेब रात्रीलाही लागू पडतो. रात्री तापमान उतरवलं तर सकाळी घर पुन्हा तापवायला जास्त इंधन लागतं आणि बचत धुऊन निघते, असा समज फार घरांत आहे. घर जितके तास थंड राहतं तितके तास कमी उष्णता बाहेर जाते, त्यामुळे एकूण इंधन कमीच लागतं. हीट पंप असलेल्या घरात मात्र तापमान फार खाली-वर करू नये, कारण तो कोमट पाण्यावर, सावकाश आणि सतत चालताना सर्वांत काटकसरी असतो.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विलेट केंप्टन यांनी १९८० च्या दशकात मिशिगनमधल्या लोकांना थर्मोस्टॅट कसा चालतो असं विचारलं. बऱ्याच लोकांच्या मनात त्याचं चित्र गॅसच्या बटणासारखं होतं: जास्त फिरवलं की आच मोठी. म्हणून गारठलेले लोक घरी येताच तो २८ वर नेत. नेहमीचा साधा बॉयलर थर्मोस्टॅट २१ वर असो वा २८ वर, तितक्याच वेगाने खोली तापवतो. फक्त २८ ला थांबेपर्यंत माणूस घामाघूम होऊन खिडकी उघडतो. रेडिएटरवरच्या गोल झडपेबद्दलही असाच घोटाळा असतो. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ च्या सुमारास आणलेली ही झडप आज युरोपात घरोघर आहे. तिच्या टोपीत मेण किंवा द्रव भरलेली छोटी कुपी असते. खोली तापली की कुपी फुगते, आतली बारीक खीळ दाबते आणि गरम पाण्याची वाट बंद होते. खोली निवली की कुपी आक्रसते आणि वाट पुन्हा उघडते. टोपीवरचा ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढचा-मागचा आकडा म्हणजे तीन-चार अंशांचा फरक. पण जाड पडदा झडपेवर लोंबत असेल किंवा समोर सोफा असेल, तर कुपीला फक्त पडद्याआडची गरम हवा कळते. ती वेळेआधीच पाणी तोडते आणि घरातली माणसं ‘रेडिएटर बिघडला’ म्हणत बसतात.

सरकारांनीही वेळोवेळी आकडे दिले आहेत. १९७३ च्या तेलसंकटात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ६८ अंश फॅरेनहाइट म्हणजे २० अंश सेल्सिअस सांगितले. फेब्रुवारी १९७७ मध्ये जिमी कार्टर स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी दिवसा ६५, रात्री ५५ फॅरेनहाइटचं आवाहन केलं. सेल्सिअसमध्ये ते १८ आणि १३ होतात, नेमके पार्कर मॉरिस समितीचे आकडे. फ्रान्सच्या नियमांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९ अंशांची मर्यादा आहे. रशियन गॅस आटल्यावर जर्मनीने सप्टेंबर २०२२ पासून त्या हिवाळ्यापुरती सरकारी कार्यालयांना १९ अंशांचीच कमाल मर्यादा घातली. हे सगळे आकडे धडधाकट, कपडे घातलेल्या, कामात असलेल्या माणसांसाठी ठीक आहेत. पक्षाघातानंतर खुर्चीला खिळलेल्या आजीला ते लावणं अन्यायाचं होईल. १९९१ साली ब्रेंडा बोर्डमन यांनी ब्रिटनमधल्या अशा कुटुंबांकडे लक्ष वेधलं, ज्यांना घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहाव्या भागाहून जास्त पैसे लागतात. ती कुटुंबं १८ च्या खाली राहतात ती आवडीने नव्हे. त्यांना ‘एक स्वेटर घाला’ हा सल्ला देण्याआधी त्यांच्या भिंती आणि काचा दुरुस्त करून द्यायला हव्यात.

आणि काहींच्या हातात कळच नसते. चीनमध्ये १९५० च्या दशकात छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या रेषेवर देश विभागला गेला. उत्तरेला सरकारी कोळशावरची तापनव्यवस्था, दक्षिणेला काही नाही. उत्तरेत तापवण्याचं बिल घराच्या क्षेत्रफळावर, त्यामुळे उकडलं की खिडकी उघडायची. त्या कोळशाच्या धुराने उत्तरेतल्या माणसाचं आयुर्मान सुमारे साडेपाच वर्षांनी घटलं, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत वाफेचे रेडिएटर तळघरातल्या एका बॉयलरवर फुत्कारतात. वरच्या मजल्यावर जानेवारीत खिडक्या उघड्या असतात, तळमजल्यावर लोक ब्लँकेटात असतात. तिथल्या कायद्याने निदान भाडेकरूला हक्क दिला आहे: १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, बाहेर ५५ फॅरेनहाइटपेक्षा कमी असेल तर दिवसा घरात किमान ६८ आणि रात्री बाहेर काहीही असो, ६२ फॅरेनहाइट. सेल्सिअसमध्ये हे सुमारे २० आणि १७. तेवढं मिळालं नाही तर ३११ वर तक्रार करता येते. न्यूयॉर्क किंवा जर्सी सिटीत नव्याने आलेले मराठी विद्यार्थी आपल्या शहराचा असा नियम माहीत नसल्याने स्वतःच्या खर्चाने विजेचा हीटर लावून बसतात. नियम पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावा.

मग आपल्या घरात आकडा ठरवायचा कसा? आधी एक साधा तापमापक घेऊन, जिथे माणूस खरोखर बसतो त्या खुर्चीच्या उंचीवर ठेवावा. थर्मोस्टॅट बोळात असेल तर त्याचा आकडा बैठकीच्या खोलीला लागू होत नाही. खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून, काचेपासून हात-दोन हात आत ओढावी. अंधार पडताच पडदे लावावेत, पण रेडिएटर उघडा ठेवून. बैठकीची खोली २० किंवा २१ वर ठेवून सुरुवात करावी आणि चार-पाच दिवसांनी अर्धा अंश उतरवावा. घरातल्या कुणी स्वतःहून शाल मागितली नाही तर आणखी अर्धा. जिथे कुरकुर सुरू होईल, त्याच्या अर्धा अंश वर थांबावं. झोपायची खोली जाड दुलईसकट १७-१८ वर बहुतेकांना चालते. न वापरातल्या खोल्याही १५-१६ च्या खाली जाऊ देऊ नयेत, नाहीतर बुरशी येते. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, किंवा साताऱ्याहून आईवडील डिसेंबरात राहायला येणार असतील, तर ते बसतात ती खोली २१-२२ वर ठेवावी आणि न्हाणीघर त्यांच्या आंघोळीआधी अर्धा तास तापवावं. थंड फरशीवर अनवाणी वावरायची त्यांची सवय पहिल्या आठवड्यात जात नाही, म्हणून घरात घालायच्या जाड सपाता त्यांना विमानतळावरून आणतानाच गाडीत ठेवाव्यात.